पुलाच्या मधात बसलेल्या बाया

ठाणेदार शिपायांना घेऊन पुढं सरकले, तशा बाया उठल्या. पाण्याच्या बाटल्या, भाकरीची गाठोडी, कडेवरची लेकरं, सगळं उचलून त्या शांतपणे चार पावलं पलीकडे गेल्या आणि पुन्हा खाली बसल्या. पुलावरची लोखंडी पट्टी आता त्यांच्या आणि आमच्या मधे होती.

आता त्या तेलंगणात होत्या.

ठाणेदारांनी टोपी काढून घाम पुसला. "मॅडम, आता काय करायचं?"

मलाही माहीत नव्हतं. मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या एका तालुक्यात नायब तहसीलदार होते. आता निवृत्त होऊन भद्रावतीला राहते. नोकरीत मोर्चे, उपोषणं, रास्ता रोको पुष्कळ पाहिले. पण आंदोलक राज्य बदलून बसतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पूल प्राणहितेवरचा. नदीच्या मधून दोन राज्यांची हद्द जाते, म्हणून पुलाच्याही मधून जाते. सिमेंटचा पूल उन्हानं फुगतो. त्याला जागा मिळावी म्हणून दोन तुकड्यांच्या मधे फट ठेवून लोखंडी पट्टी बसवतात. त्यातली मधली पट्टी म्हणजे हद्द, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कागदावर ती नेमकी कुठं असेल ते मोजणीवाल्यांनाच माहीत.

नायब तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारीही असतो. सोप्या भाषेत सांगायचं तर, जमाव हटवायची वेळ आली की पोलिसांबरोबर महसूल खात्याचा एक माणूस उभा करतात. हुकूम द्यायचा तो त्यानं. पण तो हुकूम चालतो आपल्या हद्दीत. पट्टीच्या पलीकडे मी एक साडी नेसलेली बाई होते, बाकी काही नाही.

पलीकडूनही माझ्यासारखेच एक अधिकारी आले होते. त्यांच्याकडे तालुक्यासारखं मंडल असतं, त्याचे ते अधिकारी. नाव श्रीनिवास. त्यांनी त्यांचे पोलीस पुढं आणले, की बाया गाठोडी उचलून अलीकडे येत. आम्ही पुढं झालो, की पलीकडे जात. सकाळपासून हेच चाललं होतं. एका म्हातारीला तर या ये-जा करण्याची मजाच यायला लागली होती. उठताना ती प्रत्येक वेळी "चला वो, गाव बदला" म्हणायची आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे उपविभागीय अधिकारी, माझे वरिष्ठ.

"रस्ता मोकळा झाला का?"

"सर, बाया पलीकडे गेल्यात."

"म्हणजे घरी?"

"नाही सर. तेलंगणात."

मग म्हणाले, "मग पलीकडच्यांना सांगा उठवायला."

"पलीकडचे आले की त्या अलीकडे येतात, सर."

"हे बघा, मिरचीच्या ट्रकांची रांग लागलीय. व्यापाऱ्यांचे फोन सुरू झालेत. दुपारपर्यंत मला रस्ता मोकळा पाहिजे. लागलं तर फोर्स वापरा, पण एकदाच आणि नीट."

मी "हो सर" म्हटलं. फोर्स वापरायचा कुणावर, ते तर समोर दिसतच होतं. अंगावर पिणारी लेकरं घेऊन बसलेल्या बाया. मिरची तोडून तोडून बोटांची टोकं लाल झालेली. त्यातल्या काही जणी हातांना ओलं फडकं गुंडाळून बसल्या होत्या, कारण मिरचीची आग रात्रभर पाण्यात हात ठेवला तरी जात नाही.

आमच्या भागात धान निघालं की काम संपतं. मग घरंच्या घरं नदीपलीकडे मिरची तोडायला जातात. गोंड, तेलुगू बोलणारी, झाडीपट्टीतली मराठी बोलणारी, सगळीच. शेतातच ताडपत्रीच्या झोपड्या घालतात आणि मिरची संपली की परत येतात. दरसालचं आहे. हद्द त्यांच्या डोक्यातही नसते. ती आठवते आजारपणात.

मी ठाणेदारांना म्हटलं, "तुम्ही इथंच थांबा. मी एकटी जाते."

"मॅडम, पलीकडे?"

"हो."

मी पट्टी ओलांडली आणि बायांमधे जाऊन खाली बसले. डांबर तापलं होतं. एकीनं पटकन आपली पिशवी माझ्याखाली सरकवली.

पुढारी पोसक्का होती. पन्नाशीची, काटक, कपाळभर कुंकू. तेलुगू, गोंडी आणि मराठी तिन्ही बोलणारी. मी विचारलं, "अक्का, काय पाहिजे तुम्हाला?"

"आमाले काई नाई पायजे मॅडम. दवाखान्याची गाडी पायजे. पूर्ण."

"पूर्ण म्हणजे?"

तिनं मागं बघून हाक मारली, "सुरेखा, ये वो. मॅडमले सांग."

छत्रीच्या सावलीत बसलेली एक मुलगी पुढं आली. वीस-बावीसची असेल. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ, अजून नाळही पडली नसावी. ती बोलायला लाजत होती. जे बोलली ते थोडंच, बाकीचं पोसक्कानं सांगितलं.

सुरेखाच्या कळा दिवस भरायच्या आधीच सुरू झाल्या. ती राजम्माच्या शेतावर होती. राजम्मा म्हणजे त्या शेताची मालकीण, पलीकडच्या गावातली विधवा बाई. तिनं फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. पलीकडचा मोठा दवाखाना लांब. अलीकडच्या आमच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता चांगला आणि जवळचा. म्हणून गाडी पुलाकडे आली. पण ती गाडी त्या राज्याची. तिला पट्टीपर्यंतच यायची परवानगी. नियम असा, की पट्टीवर पेशंट उतरवायचा आणि इकडच्या गाडीत चढवायचा. इकडची गाडी त्या वेळी दुसरा पेशंट घेऊन आलापल्लीकडे गेलेली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. बाळ काई गाडीसाठी थांबते का?" पोसक्का म्हणाली. "इथीच झाली. आमी लुगड्याचा आडोसा धरला. राजम्मानं बाळ हातात घेतलं. वारा असा सुटला होता, का आमाले लुगडे धरवत नव्हते. खाली नदी. मले वाटलं, लेकरू उडते का काय."

सुरेखा हळूच म्हणाली, "राजम्मानं मले सोडलं नाई. मी तिचं मनगट चावलं मॅडम. तरी सोडलं नाई."

सुरेखानं बाळ माझ्याकडे दिलं. का दिलं माहीत नाही. मी घेतलं. मुलगी होती. उन्हानं डोळे घट्ट मिटलेली, आणि मूठ इतकी आवळलेली की बोट घालायला जागा नव्हती. मी माझा पदर तिच्यावर धरला. मागून ठाणेदार आणि समोरून श्रीनिवास, दोघंही माझ्याकडे बघत होते. मी ड्युटीवर होते आणि माझ्या मांडीवर आंदोलक झोपली होती.

"पण अक्का, हे कलेक्टर ऑफिसला जाऊन सांगायचं ना. पुलावर कायले?"

"गेलो होतो ना. तुमच्याइकडं गेलो तं म्हनते, गाडी तिकडची हाय, तिकडं सांगा. तिकडं गेलो तं म्हनते, तुमी महाराष्ट्राच्या बाया, इकडं सांगा. एका सरकारले मांगलं का ते दुसऱ्याकडं बोट दाखवते. म्हून मी म्हटलं, दोघायच्या मधात बसू. मधात बसलं का दोघायले यावं लागते. आले का नाई?"

आलो होतो खरे.

एम.ए.ला माझा विषय समाजशास्त्र होता. त्यात राजकीय समाजशास्त्राचा एक पेपर असायचा. राज्यसंस्था म्हणजे काय, यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. ठरावीक भूभाग, त्यावरची लोकसंख्या, आणि त्या भूभागात बळ वापरायचा एकट्याचा हक्क. स्थलांतर करणाऱ्यांची अडचण हीच, की ते एका भूभागाचे असतात आणि राबतात दुसऱ्या भूभागात. त्यांनी आवाज उठवला तरी ऐकायची जबाबदारी कुणाची हेच ठरत नाही. हे सगळं मी पाठ करून पास झाले होते. पुस्तकात राज्यसंस्था हा शब्द वाचला की मला उंच दगडी इमारत दिसायची. त्या पुलावर मात्र ती दोन घामेजलेली माणसं होती. एक मी, एक श्रीनिवास. आणि आम्ही दोघंही आपापल्या साहेबांच्या फोनला घाबरत होतो.

मी श्रीनिवासना हात करून बोलावलं. ते आले. आधी उभे राहिले. मग पँट सावरून पट्टीजवळ बसले. मराठी त्यांना येत नव्हती, तेलुगू मला. हिंदीत बोललो.

"मॅडम, गलत तो नहीं बोल रहे ये लोग," ते हळू आवाजात म्हणाले. "लेकिन मेरे हाथ में क्या है?"

"मेरे भी हाथ में नहीं," मी म्हटलं. "लेकिन हम दोनों मिलकर लिखें तो?"

"लिखेंगे. मगर ऊपर जाएगा, फिर उधर से आपके ऊपर, फिर आपके नीचे..." त्यांनी बोटानं हवेत मोठा वळसा काढला. पोसक्का ते बघून हसली.

तेवढ्यात पलीकडून सायरन ऐकू आला.

ट्रकांच्या रांगेच्या कडेनं पांढरी गाडी येत होती. बाया कुणी न सांगता उठल्या. गाठोडी ओढली, लेकरं उचलली, रस्त्याच्या दोन्ही कडांना झाल्या. एवढं सकाळपासून दोन राज्यांचे पोलीस करू शकले नव्हते.

गाडी पट्टीपाशी येऊन थांबली. सवयीनं थांबली. ड्रायव्हर सदानंदम खाली उतरला आणि इकडची गाडी कुठं दिसते का बघायला लागला. मागचं दार त्यानं उघडलं होतं. पोसक्कानं आत डोकावलं. मग ती ओरडली, "राजम्मा!"

मिरचीच्या ओळीत पाणी सोडायला गेली असताना तिला साप चावला होता. पाय फडक्यानं बांधलेला. डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होती, पण पापण्या आपोआप खाली येत होत्या. जीभ जड झालेली. पोसक्काला बघून काहीतरी तेलुगूत पुटपुटली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हनते, पोरीले उन्हात काऊन बसवलं."

मी इकडच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो परतीच्या वाटेवर होता, पण यायला बराच वेळ होता. श्रीनिवास सदानंदमला तेलुगूत सांगत होते, आणि तो मान हलवत होता. घाबरलेला होता बिचारा. तो मला हिंदीत म्हणाला, "मॅडम, उधर जाने का ऑर्डर नहीं है. कुछ हो गया, गाडी लग गयी, तो मेरी नौकरी जाएगी. मेरे भी बच्चे हैं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. नियम त्यानं केला नव्हता.

श्रीनिवास माझ्याकडे वळले. "मैं यहाँ से बोल देता हूँ, मेरी जिम्मेदारी. लेकिन उस तरफ?"

"उस तरफ मैं हूँ," मी म्हटलं. "मैं गाडी में बैठती हूँ."

असं म्हणताना मला साहेब आठवले नाहीत, असं नाही. आठवले. जमाव समोर असताना दंडाधिकाऱ्यानं जागा सोडायची नसते. पण सुरेखाचं बाळ अजून माझ्याच हातात होतं. ते मी तिला दिलं आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. पोसक्का मागं राजम्माजवळ चढली.

"चलो भैया," मी म्हटलं.

सदानंदमनं एकदा श्रीनिवासकडे बघितलं. त्यांनी पुढं जा असा हात हलवला, "पो, पो!"

गाडी पट्टीवरून गेली. थडक् असा एकच आवाज झाला. सदानंदम नकळत खाली बघायला लागला, जणू काही तुटलं असावं. काही तुटलं नव्हतं. पुढं आमच्याकडचाच रस्ता होता.

पुलाच्या टोकाला नाका होता. शिपायानं परक्या राज्याची नंबर प्लेट बघून हात वर केला. मी खिडकीतून डोकं काढलं. "उघड रे, मी आहे." आडवा बांबू वर गेला.

मागं पोसक्का राजम्माशी तेलुगूत एकसारखी बोलत होती; काय बोलली ते तिनं नंतर मला सांगितलं. झोपू द्यायचं नाही म्हणून असेल. यंदा मिरची कशी लागली, कोणाच्या घरचं लग्न कधी, कोणत्या पोरीनं किती तोडली. मधेच दटावत होती, "डोळे उघड वो! माह्याशी बोलून राह्यली ना तू? मंग बोल." थोड्या वेळानं तिचा आवाज फुटायला लागला, पण बोलणं थांबलं नाही. सदानंदमला ते सगळं कळत होतं. तो गाडी चालवता चालवता डोळे पुसत होता.

रुग्णालयात मी आधीच फोन केला होता. डॉक्टर दारातच होते. सापाच्या विषावरची इंजेक्शनं सुरू झाली. मधेच श्वास मंद झाला, तेव्हा तोंडातून नळी घालून एक सिस्टर हातानं फुगा दाबत बसली. मी आणि पोसक्का बाहेरच्या बाकावर. पोसक्काच्या लाल बोटांनी माझी साडी धरून ठेवली होती. तिला ते कळत नव्हतं, आणि मी सोडवली नाही.

साहेबांचा फोन आला. "रस्ता मोकळा झाला असं कळलं. व्हेरी गुड. फोर्स वापरला?"

"नाही सर."

"मग कसा झाला?"

"पेशंट आला, सर. त्यांनीच वाट दिली."

"बरं. आता पुन्हा बसू देऊ नका. तुम्ही पुलावरच आहात ना?"

"नाही सर. मी रुग्णालयात आहे. पलीकडची गाडी घेऊन आले."

"पलीकडची गाडी? इकडे?" "कोणाच्या परवानगीनं?"

"माझ्या, सर."

पुढं जे बोलले ते लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. थोड्या वेळानं मात्र त्यांनी स्वतःच परत फोन केला आणि विचारलं, "ती बाई कशी आहे?" मी सांगितलं, अजून सांगता येत नाही. ते म्हणाले, "कळवा." आवाज वेगळा होता.

पुलावर बाया पुन्हा बसल्या होत्या. पण आता श्रीनिवासही त्यांच्यातच बसले होते, असं ठाणेदारांनी नंतर सांगितलं. ठाणेदारांनी त्यांना चहा पाठवला. पट्टीच्या अलीकडून पलीकडे.

उन्हं कलायला लागली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. "स्वतःहून श्वास घेतेय," एवढंच म्हणाले. पोसक्का खाली फरशीवर बसली आणि पदरात तोंड घालून लहान मुलीसारखी रडली. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "मॅडम, मी पुलावर जातो. त्यायले सांगा लागन."

संध्याकाळी आमचे साहेब आणि श्रीनिवास यांचे साहेब, दोघंही पुलावर आले. साहेब आधी रुग्णालयात डोकावून आले होते, म्हणून बोलणं सोपं गेलं. बायांसमोरच ठरलं. गाडी कोणत्याही राज्याची असो, पेशंटला थेट जवळच्या दवाखान्यात न्यायचं, पट्टीवर उतरवायचं नाही. त्याचा लेखी आदेश यायला पुढं बरेच महिने गेले. पण दोन्हीकडच्या ड्रायव्हरांनी त्याच संध्याकाळी एकमेकांचे फोन नंबर घेतले. काम तेव्हापासूनच सुरू झालं.

माझ्याकडून खुलासा मागितला गेला. जागा का सोडली? मी दिला. पुढं त्याचं काय झालं, मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. राजम्मा उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला. खाटेवर तिच्या कुशीत सुरेखाची मुलगी झोपली होती. इतक्या बाया भोवती जमल्या होत्या की सिस्टर वैतागली होती. राजम्माच्या मनगटावर दातांचे व्रण अजून दिसत होते. ती ते मला दाखवत तेलुगूत काहीतरी म्हणाली. पोसक्कानं मराठी केलं. "म्हनते, हिच्या चावण्यापेक्षा सापाचं सोपं होतं."

सुरेखा लाजून खाली बघायला लागली. मी तिला म्हटलं, "पुलावर जन्मली. नाव सेतू ठेव ना."

"नाई मॅडम," ती म्हणाली. "आमी अंजली ठेवलं. राजम्मानं ठेवलं."

मग सगळ्या निघाल्या. मी विचारलं, "कुठं? आता तर सगळं मान्य झालं."

"शेतावर," पोसक्का म्हणाली. "मिरची झाडावर वाळून राह्यली ना. मालकीन इथी पडली. तोडन कोन?"

नवीन नायब तहसीलदार कधी भेटले की विचारतात, बसलेल्या लोकांना उठवायचं कसं? मी एवढंच सांगते, की कामाची माणसं रस्त्यावर हौसेनं बसत नाहीत. त्यांनाही लवकर उठायचं असतं. त्यांना उठता येईल असं काहीतरी आपण करायचं, आणि मग बाजूला व्हायचं.